तगाई, मीठ आणि मालवणचा मासेमार

कोकणच्या आर्थिक इतिहासावर लिहिताना आपण सहसा दोन साधनांवर भिस्त ठेवतो. एक म्हणजे १८८० साली निघालेले रत्नागिरी-सावंतवाडीचे गॅझेटियर आणि दुसरे म्हणजे खोत-इनामदारांच्या घरांतून मिळणारी कागदपत्रे. तिसरे एक साधन आपल्या नजरेसमोर असूनही दुर्लक्षित राहिले आहे. ते म्हणजे सरकारी जाहिरात. मुंबई सरकारच्या राजपत्रात छापली जाणारी, तिचा मराठी तर्जुमा चावडीवर चिकटवला जाणारी आणि गरज पडली तर दवंडी पिटून ऐकवली जाणारी. रस्त्याच्या कामाचा मक्ता, बंदरावरच्या धक्क्याची दुरुस्ती, टोलनाक्याचा लिलाव, तगाईच्या अर्जावर हरकती, मिठाचे दर, नव्याने लागू झालेले नियम, असा सगळा मजकूर तिच्यात असतो. वाचायला रुक्ष आणि भाषेला ओबडधोबड.

गेली बरीच वर्षे मी या जाहिराती आणि त्यांच्यामागचे कायदे जोडीने वाचत आलो आहे. त्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. एखादे सरकार कुणासाठी काय करते हे जाहिरात सांगते. पण त्या सरकारच्या हिशेबात कोण धरलेलाच नाही, हेही ती तितकेच स्पष्ट सांगते. मालवणच्या किनाऱ्यापुरते बोलायचे तर या हिशेबाबाहेरचा माणूस म्हणजे मासेमार. रस्ता, कर्ज आणि धंद्याला मदत या तीन खात्यांत त्याची नोंद कशी झाली, किंवा झाली नाही, हे या लेखात पाहायचे आहे.

रस्ता कुणाच्या पैशाचा, कुणासाठी

मालवण १८१२ साली कोल्हापूरकरांकडून आणि वेंगुर्ले त्याच साली सावंतवाडीकरांकडून कंपनी सरकारच्या ताब्यात आले. पुढे १८१९ मध्ये रत्नागिरी जिल्हा बनला आणि हा किनारा त्यात गेला. सुरुवातीच्या काळात सरकारला या भागात रस होता तो चाचेगिरीचा बंदोबस्त आणि घाटमाथ्यावरच्या छावण्यांची रसद यांपुरता. वेंगुर्ले बंदर बेळगावच्या छावणीला जोडणारी वाट आधी रामघाटातून जाई, नंतर आंबोलीचा घाट झाला. या वाटेने खाली कापूस आणि गूळ उतरे, वर मीठ, नारळ, सुकी मासळी चढे.

गावोगावच्या लहान रस्त्यांना पैसा आला तो लोकल फंडातून. १८६९ च्या मुंबई लोकल फंड कायद्याने शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसवली. तिच्यातला मोठा हिस्सा रस्ते, विहिरी, धर्मशाळा यांच्यावर आणि उरलेला शाळांवर खर्च व्हायचा होता. १८८४ च्या लोकल बोर्ड कायद्याने या पैशाच्या कारभारात स्थानिक मंडळींना थोडा शिरकाव मिळाला. म्हणून त्या काळच्या बांधकामाच्या जाहिराती बघितल्या की त्यांच्यामागे सारा भरणारा माणूस उभा दिसतो. आणा त्याने दिलेला, म्हणून रस्ता त्याच्या गावाचा आणि बोर्डात शब्दही त्याचा.

किनाऱ्यावरचा गाबीत यात कुठे बसत होता? त्याची झोपडी एक तर खोताच्या जमिनीवर, नाही तर सरकारी पुळणीवर. १८७९ च्या जमीन महसूल कायद्याच्या ३७ व्या कलमाने भरतीच्या रेषेखालची जमीन, समुद्राचा व खाड्यांचा तळ, हे सारे सरकारच्या मालकीचे ठरवले होते. म्हणजे ज्या वाळूत तो होडी ओढी, जाळी वाळत घाली, रापण ओढून काढी, ती वाळू त्याची नव्हती. सारा नाही म्हणून पट्टी नाही, आणि पट्टी नाही म्हणून बोर्डात आवाज नाही. रस्ता झाला तर त्याचाही फायदा होई, हे खरेच आहे. सुक्या बांगड्याच्या टोपल्या त्याच रस्त्याने घाटावरच्या बाजारात गेल्या. पण रस्ता कुठून कुठे न्यायचा हे त्याला विचारून ठरले नाही.

शिवाय हे रस्तेही एका फटक्यात मागे पडले. १८८८ च्या सुमारास मुरगाव बंदर रेल्वेने घाटमाथ्याला जोडले गेले आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. गाडीवान, हमाल, बंदरावरचे अडते सगळ्यांना त्याची झळ लागली. समुद्रावर आणि आंब्याफणसावर जगणाऱ्या तालुक्यांतून मुंबईच्या गिरण्यांकडे जाणाऱ्यांची रीघ वाढली ती या काळात. आगबोटीचा धक्का हा त्यानंतर इथल्या माणसाचा खरा महामार्ग झाला.

तगाई: जमीन असेल त्यालाच

सरकारी कर्जाला आपल्याकडे तगाई म्हणतात. शब्द जुना आहे, मराठी राज्यातही होता. इंग्रजी अमलात तिला कायद्याची चौकट आली ती दोन कायद्यांनी. एक १८८३ चा जमीन सुधारणा कर्ज कायदा आणि दुसरा १८८४ चा शेतकरी कर्ज कायदा. दोन्ही कायदे दख्खनच्या अनुभवातून आले. १८७५ साली पुणे-नगर भागात सावकारांविरुद्ध दंगे झाले, १८७६ ते १८७८ मोठा दुष्काळ पडला, आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. सरकारच्या डोळ्यांसमोर होता तो ज्वारी-बाजरी पिकवणारा, बैल गहाण टाकणारा दख्खनी कुणबी.

१८८३ च्या कायद्याने कर्ज कोणत्या कामांसाठी द्यायचे याची यादीच दिली आहे. विहिरी व तळी, पाटबंधाऱ्यासाठी जमिनीची तयारी, पाण्याचा निचरा, पुरापासून व पाण्याच्या झिजेपासून बचाव, नदी किंवा इतर पाण्याखालची जमीन शेतीसाठी बाहेर काढणे, कुंपण घालणे, जमीन साफ करणे. या यादीत पाण्याचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. पण पाणी येते ते एक तर पिकाला पाजायचे म्हणून, नाही तर बांध घालून मागे हटवायचे म्हणून. ज्या पाण्यातून माणूस पोट भरतो ते पाणी यादीत नाही. मालवणच्या खाड्यांकाठी खारजमिनीला बांध घालणाऱ्या खोताला या कायद्याने कर्ज मिळू शकत होते. त्याच खाडीत जाळे टाकणाऱ्याला नाही.

१८८४ चा कायदा अधिक सैल वाटतो. संकटनिवारण, बियाणे, गुरे, किंवा शेतीशी संबंधित अन्य कोणतेही काम, इतकी त्याची व्याप्ती. पण कर्जदार कोण? लागवडीच्या जमिनीचे मालक आणि वहिवाटदार. हे दोन शब्द पार केल्याखेरीज पुढचे काहीच लागू होत नाही. होडी म्हणजे बैल नव्हे आणि जाळे म्हणजे नांगर नव्हे, असे कायद्यात कुठे लिहिलेले नाही. लिहायची गरजच पडली नाही.

तगाईच्या जाहिरातीबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण तिच्यात या व्यवस्थेचे मर्म आहे. १८८३ च्या कायद्याच्या पाचव्या कलमानुसार, कर्जाचा अर्ज आला की अधिकाऱ्याला योग्य वाटल्यास तो जाहीर नोटीस काढी. कुणाची हरकत असेल त्याने अमुक दिवशी अमुक ठिकाणी हजर राहून ती मांडावी. मग हरकत ऐकली जाई, लेखी निकाल दिला जाई. परतफेडीची मुदत ३५ वर्षांपर्यंत असू शके. वसुली मात्र साऱ्याच्या थकबाकीसारखी, म्हणजे वेळ आली तर जप्तीने. कडक असली तरी ही व्यवस्था उघड्यावर चाले. व्याज ठरलेले, मुदत ठरलेली, भाऊबंदाला किंवा गहाणदाराला बोलायची संधी.

मासेमाराचे कर्ज कुठल्याही चावडीवर लागले नाही. ते व्यापाऱ्याच्या वहीत राहिले. आषाढ-श्रावणात समुद्र बंद, होड्या शाकारलेल्या. घरात तांदूळ हवा, नारळी पुनवेनंतर होडी पाण्यात घालण्यापूर्वी तिला डांबर-तेल हवे, सण आणि सूत आणून जाळे दुरुस्त करायला हवे. त्यासाठी व्यापारी उचल देई आणि तिच्या बदल्यात येणारी मासळी आपल्यालाच, आपण म्हणू त्या भावाने, असे बांधून घेई. व्याज वेगळे लावायची गरज नव्हती. ते भावातच कापले जाई. म्हणून या कर्जाला मुद्दल किती आणि व्याज किती हे घेणाऱ्यालाही सांगता येत नसे. पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या या व्यवहारावर हरकत घ्यायला ना तारीख होती ना ठिकाण.

मीठ: आधी घेतले, मग थोडे परत दिले

धंद्याला मदत म्हणून सरकारने या किनाऱ्यावर जे एकच मोठे काम केले ते मिठाचे. ते समजण्यासाठी आधी माशांकडे बघावे लागते. ठाणे-कुलाब्याच्या किनाऱ्यावर बोंबील मुख्य. तो मिठाशिवाय, काठ्यांच्या मांडवावर टांगून उन्हात वाळतो. मालवण-वेंगुर्ल्याकडे आणि पुढे कारवारपर्यंत हंगाम असतो तो बांगड्याचा आणि तारलीचा. हे मासे तेलकट. नुसत्या उन्हात ते टिकत नाहीत, मीठ लागतेच. रापणीत एखाद्या सकाळी इतका बांगडा सापडतो की ताजा म्हणून खपणारा त्यातला थोडाच. बाकीचा त्याच दिवशी कापून मिठात घातला नाही तर संध्याकाळी शेतात खत म्हणून टाकायची पाळी येते. इथल्या मासेमारीत जाळ्याइतकेच महत्त्व मिठाला होते.

आणि मिठावर कर होता. मुंबई इलाख्यात १८३७ साली मणामागे ८ आणे बसले. १८४४ मध्ये तो दर एकदम रुपयावर नेला तेव्हा सुरतेत दंगल उसळली आणि सरकारला थोडी माघार घ्यावी लागली. १८५९ नंतर तो पुन्हा पायरी-पायरीने चढत गेला आणि १८७७ मध्ये अडीच रुपयांवर पोचला. १८८२ मध्ये दोन रुपये झाला, १८८८ ते १९०३ पुन्हा अडीच. अडीच रुपये म्हणजे ४० आणे आणि मणाचे शेर ४०. शेराला एक आणा नुसता कर. मिठाची किंमत त्याच्यावर. मासळीच्या चार भागांना एक भाग मीठ धरले तर एक मण बांगडा खारवायला दहा शेर मीठ, म्हणजे दहा आणे कराचेच. माशाच्या किमतीत हा कर बसणे शक्य नव्हते.

पूर्वी याला एक वाट होती. गोव्याचे मीठ स्वस्त असे आणि तेरेखोलची खाडी काही मोठी नाही. पण २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला आणि १८८० पासून १२ वर्षे गोव्यातल्या मिठाच्या उत्पादनावर इंग्रजांचे नियंत्रण आले. त्यापोटी गोवा सरकारला वर्षाला ४ लाख रुपये मिळत. लिस्बनमध्ये झालेल्या सह्यांचा परिणाम मालवणच्या पुळणीवरच्या टोपलीत दिसला. मिठाऐवजी खारी माती वापरायची, की अर्धवट खारवलेला माल विकायचा, की बांगडा खतात घालायचा, एवढेच पर्याय उरले. आणि मिठागराबाहेर आपोआप साचलेले मीठ किंवा खारी माती उचलणेही मिठाच्या कायद्यांखाली गुन्हा होता. १८९० च्या मुंबई मीठ कायद्याने हा बंदोबस्त आणखी आवळला.

फ्रान्सिस डे हा लष्करी डॉक्टर आणि मत्स्यशास्त्रज्ञ. त्याने १८७३ च्या आपल्या अहवालात मीठकरामुळे मासे खारवण्याचा धंदा कसा बसतो याकडे सरकारचे लक्ष वेधले होते. त्यातून एक तोड निघाली. आधी मद्रास इलाख्यात आणि मग मुंबई इलाख्यात रत्नागिरी आणि कारवार या जिल्ह्यांच्या किनाऱ्यांवर मिठाच्या खात्याने मासळी खारवण्याची सरकारी यार्डे उघडली. कुंपण घातलेले आवार, आत मिठाचे कोठार, एक कारकून आणि पहाऱ्याचे शिपाई. मासेमाराने मासळी घेऊन आत यायचे, करमाफीचे मीठ खर्चाच्या आसपासच्या दराने घ्यायचे, तिथेच खारवायचे आणि तयार माल बाहेर न्यायचा. मीठ मात्र चिमूटभरही बाहेर जाता कामा नये.

या यार्डांनी भले केले हे नाकारता येणार नाही. खाऱ्या मातीपेक्षा शुद्ध मिठात घातलेला बांगडा टिकाऊ झाला, घाटावर आणि मुंबईत त्याला गिऱ्हाईक मिळाले. पण या उपकाराचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. उद्योगाला उत्तेजन देणारे हे काम मासेमारीचे कुठले खाते करत नव्हते. महसूल गोळा करणारे मिठाचे खाते करत होते. त्याला पहिली काळजी होती ती करमाफीचे मीठ स्वयंपाकघरात जाऊ नये याची. मासळी कापणे, खारवणे, वाळवणे हे घरच्या बायकांचे काम. ते अंगणातून उठून शिपायाच्या नजरेखालच्या आवारात गेले. यार्डापासून लांबच्या किनाऱ्यावर रापण लागली तर मासळी तिथवर वाहून नेईपर्यंत तिचा कस उतरे. आणि आत जे मिळत होते ते काय? करापूर्वी ज्या भावाने मीठ मिळत असे, जवळजवळ तोच भाव. सरकारी कागदोपत्री मात्र त्याचे नाव सवलत.

मुंबई सरकारने १९२१-२२ मध्ये 'विल्यम कॅरिक' नावाचा वाफेवर चालणारा ट्रॉलर समुद्रात पाठवून खोल पाण्यातल्या मासेमारीचा प्रयोग केला. तो परवडला नाही आणि थांबला. आधुनिक उद्योग म्हणजे आगबोट, हे समीकरण अधिकाऱ्यांच्या मनात होते. किनाऱ्यावर पन्नास-पन्नास माणसे दोर ओढून, प्रत्येकाने आपापला जाळ्याचा तुकडा जोडून, मिळालेल्या मासळीचे ठरल्याप्रमाणे वाटे घालणारी रापण हीदेखील एक भांडवली रचना आहे, तिला खेळते भांडवल लागते, हे त्यांच्या विचारात आले नाही.

सहकार आणि सत्याग्रह

१९०४ चा सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला तेव्हाही पहिली वाटणी शेतकरी आणि बिगरशेतकरी अशीच होती. ग्रामीण पतपेढीत पाचातले चार सभासद शेतकरी हवेत. कायद्याच्या दृष्टीने आचऱ्याच्या किंवा निवतीच्या वाळूत जन्म काढलेल्या मासेमारांची पतपेढी निघायची तर ती 'शहरी' या सदरात! १९१२ च्या नव्या कायद्याने ही वाटणी काढून टाकली. त्यानंतरच्या वर्षी, १९१३ मध्ये, रत्नागिरीजवळच्या कर्ल्यात मासेमारांची सहकारी संस्था निघाली. देशातली मासेमारांची ती पहिली संस्था मानली जाते. अट उठताच वर्षभरात संस्था उभी राहिली, हा क्रम मला बोलका वाटतो. मासेमार कर्जाला लायक नाहीत, त्यांना एकत्र येता येत नाही, हा समज त्याने खोटा पाडला.

मिठाचा प्रश्न मात्र सहकाराने सुटण्यासारखा नव्हता. मे १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. महाराष्ट्रातून आलेल्या सत्याग्रहींनी कायदा मोडून मीठ उचलले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. आपण त्याचे स्मरण राष्ट्रीय चळवळीतला एक दिवस म्हणून करतो आणि ते योग्यच आहे. पण त्या किनाऱ्याच्या बाजूने पाहिले तर तिथे मीठ उचलणे हे प्रतीक नव्हते. खारी माती उचलली म्हणून गरीब माणूस तिथे पन्नास वर्षे दंड भरत आला होता. ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन कराराने मीठ पिकणाऱ्या भागालगतच्या गावांना घरगुती वापरासाठी किंवा त्याच गावात विकण्यासाठी मीठ गोळा करण्याची मुभा मिळाली. कर पूर्ण उठला तो १ एप्रिल १९४७ पासून. कर गेला तशी करमाफीही निरर्थक झाली आणि पहाऱ्यातल्या यार्डाचे प्रयोजन संपले.

हिशेब अजून चालू आहे

मिठाचा हिशेब असा मिटला. कर्जाचा मिटायला फार वेळ लागला. १८८४ च्या कायद्याने ठरवलेली 'लागवडीच्या जमिनीचा मालक किंवा वहिवाटदार' ही चौकट स्वातंत्र्यानंतरच्या व्यवस्थेतही नाना रूपांनी टिकली. पीककर्ज, पीकविमा, कर्जमाफी, वीजदरातली सूट, सगळ्यांना सातबारा हवा. होडीचा सातबारा नसतो. वादळात होडी फुटली, जाळी वाहून गेली, तर मासेमाराला मिळे ती नुकसानभरपाई. पुढच्या हंगामासाठी ठरल्या व्याजाने हक्काचे कर्ज ही वेगळी गोष्ट.

किसान क्रेडिट कार्डाची योजना १९९८ साली सुरू झाली. ती मासेमारांना लागू करण्याची घोषणा झाली २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात. आणि एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे शेतीच्या दराने वीज, शेतीच्या दराने कर्ज, विमा अशा गोष्टी या धंद्याला खुल्या होतात. निर्णय स्वागतार्हच आहे. मात्र १८८४ पासून १४१ वर्षे दारात उभ्या असलेल्या माणसाला आत घेताना आपण दार बदलले नाही. त्याला शेतकरी म्हटले आणि आत घेतले. मासेमाराला मासेमार म्हणून पत मिळेल अशी तरतूद करण्यापेक्षा त्याचे नाव शेतकऱ्यांच्या यादीत घालणे सोपे गेले.

याचा परिणाम तपशिलात दिसणार आहे. शेताला हद्द असते, होडीला नसते. पिकाची आणेवारी काढता येते, समुद्राची कशी काढणार? मासळीचा दुष्काळ कुणी आणि कधी जाहीर करायचा? रापणीच्या वाट्यात पन्नास घरे असतील तर कर्जदार कोण, रापण की प्रत्येक घर? पर्ससीनच्या मोठ्या जाळ्याने किनाऱ्यालगतचा बांगडा आधीच उचलला आणि रापण रिकामी आली, तर ती नापिकी म्हणायची का? हे प्रश्न १८८३-८४ च्या कायद्यांना पडले नाहीत, कारण त्यांच्या नजरेत मासेमार नव्हताच. आज तो यादीत आला आहे, तेव्हा ते सोडवावे लागतील.

अशा निर्णयांचे आदेश आता चावडीवर चिकटत नाहीत, संकेतस्थळावर येतात. पण ते वाचताना जुन्या राजपत्रांची सवय उपयोगी पडते. 'पात्र लाभार्थी' या शब्दांपुढे जी व्याख्या छापलेली असते ती आधी वाचावी आणि दांडी-मेढ्यापासून देवबागपर्यंतच्या पुळणीवर जाळे विणत बसलेल्या माणसाला ती लागू होते का, हे पाहावे. बाकीचा आदेश मग वाचला तरी चालतो.